करड्या देवमाशाचे दर्शन : इतिहास

देवमासे मारण्याऐवजी नुसते पाहण्यासाठी लोकांना समुद्रावर नेण्याचा व्यवसाय प्रथम रुजला तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात, करड्या देवमाशामुळे. एश्रिक्टियस रोबस्टस हे शास्त्रीय नाव असलेला हा प्राणी १२ ते १५ मी. लांब असतो. उन्हाळ्यात तो बेरिंग व चुकची समुद्रांत तळच्या चिखलातील लहान कवचधारी प्राणी खातो आणि हिवाळा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील उथळ खारकच्छांत काढतो. पिले बहुधा तेथेच जन्मतात. जाऊन-येऊन सु. १६,००० ते २०,००० किमी.चा हा प्रवास बव्हंशी किनाऱ्यालगत होतो. किनाऱ्याची ही जवळीकच प्रथम त्याच्या जिवावर बेतली.

चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन (१८२५–१९११) हा शिकारी कप्तान १८५७ च्या हिवाळ्यात ओहो दे लीब्रे या खारकच्छात शिरला. तेथे माद्या व पिले मोठ्या संख्येने होती, आणि अरुंद मुखामुळे त्यांना निसटणे कठीण होते. मात्र पिलाच्या रक्षणार्थ उलटलेल्या माद्यांनी होड्या फोडल्या व खलाशांना जायबंदी केले. आपण मराठीत ज्याला देवमासा म्हणतो, त्याला या शिकाऱ्यांनी ‘सैतानमासा’ ठरविले. माद्यांचा दोष एवढाच, की त्या आपल्या पिलांसाठी झुंजल्या. पुढे स्फोटक भाले झाडणाऱ्या बंदुकांनी शिकार सोपी केली व तेलासाठी कत्तल सुरू झाली. काही वर्षांतच खारकच्छे ओस पडू लागली. खुद्द स्कॅमननेच १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही जाती टिकेल की नाही, अशी शंका व्यक्त केली. विसाव्या शतकात कारखाना-जहाजांनी पुन्हा शिकार केली. १९३७ च्या आंतरराष्ट्रीय कराराने व्यापारी शिकारीस बंदी घातली आणि १९४६ च्या कराराने ती कायम केली.

बंदीनंतर संख्या वाढू लागली. १९५० मध्ये सॅन डिएगो येथील काब्रीयो राष्ट्रीय स्मारकाच्या आवारात लोकांसाठी निरीक्षणस्थान उघडण्यात आले. १९५५ मध्ये तेथूनच एक डॉलर आकारून होडीतून देवमासे दाखविणाऱ्या सफरी सुरू झाल्या.

मेक्सिकोतील सान इग्नास्यो खारकच्छातील कोळी मात्र जुन्या दहशतीमुळे देवमाशांपासून दूरच राहत. देवमासा दिसला, की होडीच्या फळ्यांवर ठोकून आवाज करावा, अशी तेथे रीत होती. १९७२ मध्ये फ्रान्सिस्को मायोराल या कोळ्याच्या लहान होडीजवळ एक देवमासा येऊन रेंगाळला. मायोरालने भीतभीतच हात पुढे करून त्याला स्पर्श केला. त्यानंतर माद्या पिलांसह आपणहून होड्यांजवळ येऊ लागल्याचे अनुभव वाढत गेले. त्या असे का करतात, याचे सर्वमान्य स्पष्टीकरण नाही. ओहो दे लीब्रेला त्याच वर्षी व सान इग्नास्योला १९७९ मध्ये संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये दोन्हींचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. सान इग्नास्यो येथे योजलेला प्रचंड मीठ-प्रकल्प व्यापक विरोधानंतर मार्च २००० मध्ये मेक्सिको सरकारने रद्द केला. आता हंगामात तेथील अनेक कोळी कुटुंबांची मिळकत सफरींवर चालते. होड्यांची संख्या ठरवून दिलेली असून परवान्याविना देवमाशांजवळ जाता येत नाही.

तथापि नवे संकट सफरींच्या क्षेत्रापासून फार दूर, उत्तरेत उद्‌भवले आहे. तापत्या आर्क्टिकमध्ये अन्नाचे प्रमाण व वाटणी बदलली आणि डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात असंख्य कृश देवमासे किनाऱ्यांवर मृतावस्थेत आढळले. २०१६ च्या सुमारास सु. २७,००० असलेली पूर्व पॅसिफिकमधील संख्या २०२५ मध्ये सु. १३,००० वर आली. त्या वर्षी उत्तरेकडे परतणाऱ्या पिलांचा अंदाज सु. ८५ होता. १९९४ पासूनच्या गणनेतील हा नीचांक होय.