आनंदाश्रमाची ग्रंथावली आणि आपल्या घरच्या पोथ्या

द्रव्य मिळविणे ही एक विद्या होय; परंतु मिळविलेले द्रव्य आपल्या पश्चात कोणत्या कार्यी लागावे हे जाणणे ही त्याहून अवघड विद्या होय. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून दानशूर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो. त्यांत धर्मशाळा, घाट, वसतिगृहे यांचा उल्लेख असतो आणि तो योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका निराळ्या दानाचा इतिहास सांगावयाचा आहे. ते दान ग्रंथांचे होते, आणि त्याचा भार एका दात्याने नव्हे, तर अनेक कुटुंबांनी उचलला होता.

मुंबई उच्च न्यायालयातील वकील महादेव चिमणाजी आपटे यांनी इ. स. १८८८ मध्ये पुण्यास आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. हस्तलिखित संस्कृत पोथ्यांचा संग्रह करावा, शास्त्र्यांकडून त्या शुद्ध करून घ्याव्यात आणि संस्थेच्याच मुद्रणालयात छापून प्रसिद्ध कराव्यात, असा तिचा हेतू होता. अप्पा बळवंत चौकाजवळील तिची वास्तु आजही पुणेकरांच्या परिचयाची आहे.

त्या काळी संस्कृत ग्रंथ छापले जात नव्हते असे नाही. सरकारी आश्रयाखाली १८६८ पासून 'मुंबई संस्कृत ग्रंथमाला' निघत होती. मुंबईस जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना सुबक टंकांबद्दल नावाजलेला होता. परंतु सरकारी मालेचा ओढा पाठशाळा व विद्यापीठे यांच्या गरजेकडे असावयाचा, आणि व्यापारी छापखान्यास ग्रंथाच्या खपाकडे पाहणे भागच होते. ज्या ग्रंथास मोजकेच वाचक, त्याचे काय करावयाचे? हा प्रश्न विश्वस्तनिधीवाचून सुटण्यासारखा नव्हता. ग्रंथ आज खपला नाही तरी संस्था बुडत नाही, ही निश्चिती असली तरच असे काम हाती घेता येते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सत्याषाढाचे श्रौतसूत्र. यज्ञकर्माचा हा ग्रंथ वाचणारे मोजकेच. तथापि ग्रंथावलीचा ५३ वा अंक म्हणून १९०७ साली त्याचा आरंभ झाला आणि दहा भागांत तो १९३२ साली पुरा झाला. पंचवीस वर्षे एकाच ग्रंथाचा पाठपुरावा करणे कोणा व्यापाऱ्यास परवडले असते? त्याच मालेत हत्तींच्या रोगांवरील पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' १८९४ साली निघाला, तर मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संशोधिलेला 'संगीतरत्नाकर' १८९६-९७ मध्ये निघाला. उपनिषदे, पुराणे, स्मृती, मीमांसा, वैद्यक अशी १४० हून अधिक ग्रंथांची ही माला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना या मालेतील ग्रंथांचा आधार वारंवार घेतला आहे. युरोपातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही तिचे अंक आढळतात.

महादेवराव १८९४ साली निवर्तले. परंतु संस्था त्यांच्याबरोबर गेली नाही. त्यांचे पुतणे व सुप्रसिद्ध कादंबरीकार हरि नारायण आपटे यांनी तिची व्यवस्था सांभाळली. 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणाऱ्या लेखणीचा धनी एकीकडे पुराणांची व सूत्रांची मुद्रिते तडीस नेत होता, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. त्यांच्यामागून विनायक गणेश आपटे यांचे नाव मुखपृष्ठांवर येऊ लागले. ती मुखपृष्ठेही पाहण्यासारखी आहेत. ग्रंथ लोखंडी अक्षरांनी छापला, हे त्यांवर संस्कृतात सांगितलेले असते. शालिवाहन शक व इसवी सन दोन्ही दिलेले असतात. आणि मूल्यसुद्धा 'रूपक' व 'आणक' अशा संस्कृत शब्दांत छापलेले असते.

परंतु माझ्या मते या ग्रंथांतील सर्वांत मोलाचे पान मुखपृष्ठ नव्हे. ते त्यानंतर येते. त्यास 'आदर्शपुस्तकोल्लेखपत्रिका' असे नाव आहे. ज्या हस्तलिखितांवरून ग्रंथ सिद्ध झाला, त्यांची ती यादी होय. प्रत्येक पोथीस क, ख, ग असे एकेक अक्षर दिलेले असते, आणि पुढे ती कोणत्या गावच्या कोणत्या गृहस्थाची, हे आदराने नमूद केलेले असते. वडोदरे, इंदूर, करवीर अशी कितीतरी स्थळे त्यांत दिसतात. आनंदाश्रमातील काशीनाथशास्त्री आगाशे यांच्यासारखे पंडित या साऱ्या पोथ्या ताडून पाहात. जेथे पाठ भिन्न असेल तेथे तळटीपेत त्या त्या अक्षराने तो भेद दाखवीत. म्हणजे एखाद्या खेड्यातील घराच्या माळ्यावरची पोथी या ग्रंथाच्या पानोपानी अक्षररूपाने साक्ष देत उभी असते.

यातील मर्म ध्यानात घ्यावयास हवे. विश्वस्तसंस्थेने द्रव्य, मुद्रणालय व पंडित दिले. परंतु मूळ वस्तू दिली ती कुटुंबांनी. पोथी घराबाहेर जाऊ देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पणजोबांच्या हातची, सोवळ्यात जपलेली, नित्यपाठातली ती वस्तू. ती परत येईल की नाही अशी धास्ती कोणासही वाटावी. तरीही ज्यांनी ती विश्वासाने पाठविली, त्यांच्या पोथीतील पाठ आज देशोदेशी वाचला जातो. आणि ज्यांनी ती बासनातच ठेवली, त्यांतील कित्येकांच्या पोथ्या वाळवीने खाल्ल्या, कित्येकांच्या जीर्ण म्हणून नदीत विसर्जित झाल्या. ज्या पोथीची दुसरी प्रत कोठेच नव्हती, तिच्याबरोबर तो ग्रंथही गेला.

आपल्या ज्ञातीतील अनेक घरी अजूनही लाल बासनात बांधलेल्या पोथ्या असतील. त्या वाचणारे घरात कोणी उरले नसेल. मोडी वा जुनी देवनागरी लिपी तरुण पिढीस अपरिचित झाली असेल. तथापि आज पोथी कायमची देऊन टाकण्याचीही आवश्यकता नाही. तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेता येते आणि मूळ पोथी घरी परत आणता येते. म्हणून सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती अशी की, घर पाडण्यापूर्वी अथवा वाटणी करण्यापूर्वी माळा एकवार पाहावा. पोथी आढळल्यास तिच्या शेवटच्या पानावरील लेखकाचे नाव व शक उतरवून घ्यावे. आणि पाण्यात सोडण्याऐवजी ती जाणत्या संशोधकास दाखवावी. महादेवरावांएवढे द्रव्य प्रत्येकाजवळ असत नाही. पण त्या पत्रिकेत नाव येण्यास द्रव्य लागत नव्हते. जपलेली वस्तू योग्य वेळी पुढे करण्याचे औदार्य तेवढे लागत होते, आणि ते आजही आपल्या हाती आहे.