प्रोसेसरांची तुलना : एका मापनशास्त्राची प्रस्तावना

परळीचं थर्मल १९७१ साली ३० मेगावॅटच्या संचाने सुरू झालं. त्याच वर्षी इंटेलने ४००४ हा २,३०० ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी सुरुवात थर्मलपासून करतो, कारण यंत्रांची कामगिरी मोजून तिची तुलना करण्याची विद्या आपल्या गावाला त्या आवारामुळे अर्ध्या शतकापासून ठाऊक आहे. संच क्रमांक ६, ७ आणि ८ हे तिन्ही २५० मेगावॅटचे, कागदावर सारखे. पण त्यांतला सरस कोणता, हे सांगण्याआधी कोळसा किती ओला होता, संच पूर्ण भारावर होता की अर्ध्या, कूलिंग टॉवरमधून येणारं पाणी किती गरम होतं, हे विचारावं लागतं. एक युनिट विजेमागे किती किलोकॅलरी उष्णता खर्ची पडली, हा हीट रेटचा आकडा या उत्तरांशिवाय वाचताच येत नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये खडका बंधाऱ्याचं पाणी आटलं आणि केंद्र बंद ठेवावं लागलं. त्या महिन्याचा भारांक दुष्काळाविषयी बोलतो, टर्बाइनविषयी नाही.

डेस्कटॉप संगणकातल्या प्रोसेसरांची तुलना हे याच जातीचं शास्त्र आहे. इंटेल घ्यावा की एएमडी, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर रोज विचारला जातो आणि त्याला एका शब्दात उत्तरही मिळतं. या पुस्तकाच्या वाचकाने ते उत्तर घेऊन थांबू नये, तर आकड्यामागची परिस्थिती विचारायची सवय लावून घ्यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

बराच काळ ग्राहकाला एकच आकडा सांगितला गेला, तो मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे दर सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांचा. मार्च २००० मध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन १ गिगाहर्ट्‌झवर पोचला आणि दोनच दिवसांनी इंटेलने तेवढ्याच गतीचा पेंटियम ३ जाहीर केला. त्याच वर्षाअखेर आलेल्या पेंटियम ४ ची रचना ठोक्यांची संख्या वाढवता यावी अशीच होती. प्रत्येक सूचनेचं काम वीस टप्प्यांत वाटलं होतं, त्यामुळे टप्पे लहान झाले आणि ठोके जलद पडू लागले. मात्र एका ठोक्यात होणारं काम घटलं. एएमडीने २००१ मध्ये १.५३ गिगाहर्ट्‌झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असं नाव दिलं. वेग ठोक्यांवर मोजू नका, हा त्यामागचा आग्रह शास्त्राला धरून होता, जरी नाव विक्रीसाठीच बेतलेलं असलं. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून दिला. उष्णता आवरेना.

यातला हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. कामाला लागणारा वेळ म्हणजे सूचनांची संख्या गुणिले प्रत्येक सूचनेला लागणारे सरासरी ठोके, भागिले दर सेकंदाचे ठोके. समजा, एका कामात ९०० कोटी सूचना आहेत. पहिला प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ४५० कोटी ठोक्यांचा, पण त्याला सूचनेमागे दीड ठोका लागतो. त्याचे ३ सेकंद होतात. दुसरा ३.६ गिगाहर्ट्‌झचा, पण एका ठोक्यात एक सूचना संपवणारा. तो अडीच सेकंदांत मोकळा होतो. या सूत्रातला मधला घटक कामागणिक बदलतो, आणि या क्षेत्राची सगळी गोडी मला तिथेच वाटते. २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरची कमाल गती त्याच्याच घरातल्या ५८००एक्सपेक्षा कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्‌झ. पण त्याच्याजवळची कॅशे, म्हणजे चिपलगतची जलद स्मृती, ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट. गेममध्ये तो बहुतेक ठिकाणी पुढे गेला. जिथे विदा आधीच छोट्या कॅशेत मावत होती, तिथे थोडा मागे राहिला. मग ‘वेगवान कोणता?’ याचं उत्तर कामाचं नाव घेतल्याशिवाय देणार कसं?

परळीत कामं नाना तऱ्हेची आहेत. लग्नसराईत फोटो स्टुडिओवाला रात्रभर व्हिडिओ रेंडर करतो; त्याला जास्त कोअर मिळाले तर काम बहुतांशी त्या प्रमाणात उरकतं. मोंढ्यातला मुनीम टॅलीत नोंदी करतो. त्याला एकाच कोअरची चपळाई आणि चांगली एसएसडी पुरते. सोळा कोअर घेऊन त्याचं काम सोळा पटींनी होत नाही. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो अखेर वेगाला मर्यादा घालतो, हे जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं.

सर्वांना मान्य होईल अशी कसोटी घडवण्याचे प्रयत्न जुने आहेत : १९७२ ची व्हेटस्टोन, १९८४ ची ड्राइस्टोन, जॅक डोंगारा यांची लिनपॅक. लिनपॅकशी महाराष्ट्राचं नातं जवळचं आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या परम पद्म या महासंगणकाची कागदावरची क्षमता सुमारे १ टेराफ्लॉप होती. लिनपॅकवर त्यातली निम्म्याहून थोडीच अधिक प्रत्यक्षात उतरली, आणि त्या मोजलेल्या आकड्यावर ते यंत्र जून २००३ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१ व्या क्रमांकावर आलं. यादीने शिखरक्षमता न धरता मोजलेलं काम धरलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

कसोटी एकदा प्रतिष्ठेची झाली की तिच्यापुरती तयारीही सुरू होते. १९८९ च्या स्पेक या कसोट्यांच्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा प्रोग्रॅम होता. कंपायलर लिहिणाऱ्यांनी त्याची मांडणी अशी काही बदलली की गुण कित्येक पटींनी उसळले आणि पुढच्या आवृत्तीतून तो वगळावा लागला. सरासरीही फसवते. एका कामाला ‘अ’ला १० आणि ‘ब’ला २० सेकंद लागतात, दुसऱ्याला नेमकं उलट. ‘अ’ला पाया धरून गुणोत्तरांची सरासरी काढा, ‘ब’ पाव पटीने मंद ठरतो. ‘ब’ला पाया धरा, ‘अ’ पाव पटीने मंद! फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६ मध्ये यावर भूमितीय मध्याचा उपाय सुचवला. तो धरला की दोघे सारखे येतात.

आता मराठवाड्याच्या उन्हाळ्याकडे येतो, कारण छापील तुलनांमध्ये तो नसतो. परीक्षणं बहुधा २०-२५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पारा सहज ४० गाठतो. हीटसिंक प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा किती वर जाईल एवढंच ठरवतो. म्हणजे २२ अंशांच्या खोलीत ८४ वर राहणारी चिप ४० अंशांच्या खोलीत १०२ कडे निघते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० आहे, तेव्हा ती गाठताच चिप आपली गती स्वतःच उतरवते. १२९००के चा मूळ आकडा १२५ वॅटचा, पण पूर्ण जोरात तो २४१ वॅटपर्यंत जातो, आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत सुटते. त्यात हीटसिंकच्या पात्यांत बसणारी धूळ, आणि परळीला राखेची वेगळी ओळख करून द्यायला नको. दोन प्रोसेसरांमधला चार टक्क्यांचा छापील फरक इथे टिकेलच असं नाही. तो उलटतानाही दिसू शकतो. म्हणून खोलीचं तापमान हा आपल्या मापनात तळटिपेचा विषय नाही. तो प्रत्येक तक्त्याचा पहिला स्तंभ असायला हवा.

लहान फरकांविषयी आणखी एक इशारा. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की प्रोग्रॅमला हातही न लावता केवळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची लांबी बदलली तरी स्मृतीतली मांडणी सरकते आणि मोजलेला वेळ इतका हलतो, की निष्कर्ष पालटावा.

हेनेसी आणि पॅटरसन यांच्या १९९० च्या ग्रंथाने संगणकरचनेची चर्चा मोजमापावर आणून ठेवली. पण त्या परंपरेत उतरायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. रोजचं एखादं काम निवडा : दहा मिनिटांचा व्हिडिओ, वर्षभराच्या टॅलीचा बॅकअप, दोनशे पानांच्या मराठी पुस्तकाची पीडीएफ. तेच काम, त्याच फाइलवर, किमान पाच वेळा करा. सगळे पाच आकडे लिहा, फक्त सगळ्यांत चांगला नको. खोलीचं तापमान, रॅमचे किती दांडे बसवले आहेत, बायोसची आवृत्ती, विंडोजचा पॉवर प्लॅन, मीटर मिळाल्यास भिंतीतून घेतलेले वॅट, हे सगळं शेजारी मांडा. पुढची प्रकरणं याच क्रमाने जातात : आधी घड्याळ, मग काम, मग उष्णता, आणि सरासरी सर्वांत शेवटी. ज्यांच्याकडे एकच जुना संगणक आहे, त्यांनी दुसरं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. त्यातले सगळे प्रयोग एकाच यंत्रावर, जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात एकदा करण्याजोगे आहेत.