रिकाम्या पुंगळीचा हिशेब

१/ गोळी झाडल्यावर जमिनीवर पडणारी पितळेची पुंगळी ही युद्धेतिहासातली फार दुर्लक्षित वस्तू आहे. बंदुकांवर ग्रंथ झाले, सेनापतींची चरित्रे झाली. पुंगळी भंगारात गेली. पण फौजांनी ती मोजली, शत्रूने ती वेचली, आणि जालियनवाला बागेत किती गोळ्या झाडल्या गेल्या, हे तिच्यामुळेच कळले. हा धागा तिच्याविषयी. #इतिहास #थ्रेड

२/ रायफलीच्या काडतुसाचे भाग चार: पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्राइमर, आणि या सर्वांना धरून ठेवणारी पुंगळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, टोपी निकामी होते. पुंगळी तेवढी उरते. तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरता आली, तर काडतूस पुन्हा तयार होते.

३/ ती पितळेचीच का? बाराच्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच किंचित आक्रसून सुटी होते. हा गुण साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेत उत्तम साधतो. नुसते तांबे मऊ पडते. १८७६ मध्ये कस्टरच्या अमेरिकी घोडदळाच्या कार्बाइनमध्ये तांब्याच्या पुंगळ्या अडकून बसल्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत.

४/ टोपी बसवण्याच्या दोन पद्धती १८६०च्या दशकात पुढे आल्या. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत टोपीखाली मधोमध एकच छिद्र असते; तिथून बारीक सळई घालून जुनी टोपी सहज पाडता येते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्याच बुडात असते आणि छिद्रे बाजूला, बहुधा दोन. तिथे सरळ सळईचा उपयोग नाही.

५/ इतिहासाची गंमत अशी की, इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची ब्रिटनसह युरोपच्या फौजांत. परिणाम दूरगामी झाला. १८८०च्या दशकात अमेरिकी लष्कराने आपल्या तुकड्यांना पुंगळ्या पुन्हा भरण्याची हत्यारेच दिली होती. नेमबाजीच्या सरावासाठी सैनिक स्वतः काडतुसे भरत. पुढे तिथल्या नागरिकांतही हा उद्योग छंद म्हणून टिकला.

६/ मग आली मशीनगन. मॅक्सिमची तोफ १८८४ सालची. अशा स्वयंचलित शस्त्रात एखादी टोपी सैल होऊन यंत्रणेत पडली, तर ऐन लढाईत शस्त्र बंद पडते. म्हणून लष्करी काडतुसांत टोपी नुसती ठोकून बसवत नाहीत. तिच्या कडेभोवतीचे पितळ गोल दाबून, किंवा तीन-चार ठिकाणी टोचून, तिच्यावर वळवतात. यालाच क्रिंप म्हणतात.

७/ लढाईत हा क्रिंप सैनिकाचा रक्षक, पुन्हा भरणाऱ्याच्या वाटेतला अडसर. जुनी टोपी जोर लावून पाडली, तरी आत वळलेली पितळेची कड खाचेच्या तोंडाशी उरते. नवी टोपी तिला अडून चेपते किंवा तिरपी बसते. अमेरिकेतील छांदिष्ट म्हणून ही कड एकतर कापून काढतात, नाहीतर पोलादी दांड्याने दाबून बाहेर सारतात. जास्त कापले, तर खाच सैल होते आणि पुंगळी वाया जाते.

८/ क्रिंप पुनर्भरण रोखण्यासाठी शोधला गेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्यातून एक गृहीतक उमटते: सरकारी काडतूस एकदाच झाडायचे असते, कारण त्यामागे कारखाना उभा आहे. ज्याच्यामागे कारखाना नाही, त्याचे काय? याचे उत्तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर मिळते.

९/ पेशावर आणि कोहाट यांच्या दरम्यान दर्रा आदमखेल येथे पठाण कारागीर हातहत्यारांनी इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब प्रती घडवू लागले. रायफल अशी घडवता आली. काडतूस हे खरे दुखणे होते. मस्कतमार्गे येणारा चोरटा माल ब्रिटिश आरमाराने रोखू पाहिला, तेव्हा झाडलेल्या पुंगळीचे मोल आणखी वाढले.

१०/ मार्टिनी-हेन्री रायफलीला काळी दारू पुरे. गंधक, सोरा आणि कोळसा यांपासून ती गावातही करता येई. .३०३ रायफलीचे काडतूस १८९१ पासून कॉर्डाइटवर गेले, आणि कॉर्डाइट करायला रसायनांचा कारखाना लागतो. त्यामुळे .३०३च्या पुंगळीत काळी दारू भरली, तर बार उडे, पण मूळचा जोर आणि पल्ला मिळत नसे. शिवाय धूर नेमबाजाची जागा दाखवून देई.

११/ तरीही निकृष्ट काडतूस हे काडतूसच. म्हणून सरहद्दीवरच्या फौजेसाठी रिकामी पुंगळी मागे सोडणे म्हणजे शत्रूला अर्धे काडतूस देणे होते. झाडलेल्या पुंगळ्या वेचणे आणि मोजणे हा तिथल्या लष्करी शिस्तीचा भाग झाला. काटकसर आणि भय, दोन्ही त्यामागे होते.

१२/ आता सरहद्दीवरून अमृतसरला येऊ. १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेत जनरल डायरच्या ५० रायफलधारी सैनिकांनी सुमारे १० मिनिटे निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. पुढे हंटर समितीसमोर झाडलेल्या गोळ्यांचा आकडा आला: १६५०. हा आकडा सैनिकांनी उचललेल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून काढलेला होता.

१३/ मृतांच्या संख्येवर वाद झाला. सरकारने ३७९ म्हटले, काँग्रेसच्या चौकशीने सुमारे १०००. पण १६५० हा आकडा खुद्द गोळीबार करणाऱ्यांच्या हिशेबातला. तो आंदोलकांची अतिशयोक्ती म्हणून झटकणे अशक्य होते. माणशी सरासरी ३३ गोळ्या. हा घाबरून उडवलेला बार नव्हे. ठरवून, थांबून, पुन्हा काडतुसे भरून केलेला गोळीबार होता. समितीत डायरची उलटतपासणी घेणाऱ्यांत मुंबईचे कायदेपंडित चिमणलाल सेटलवाड होते.

१४/ या नोंदीतला विरोधाभास अस्वस्थ करतो. त्या दिवशी पितळ मोजले गेले, माणसे मोजली गेली नाहीत. जखमींना बागेतच सोडून फौज निघून गेली. साम्राज्याच्या हिशेबात कशाला जागा होती, हे समजायला वेगळ्या भाष्याची गरज नाही.

१५/ पुंगळी मोजण्यापलीकडेही बोलते. कस्टर ज्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला, तिथे १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले आणि १९८४ पासून उत्खनन झाले. प्रत्येक फायरिंग पिनचा ठसा वेगळा असतो. त्यावरून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली, याचा माग संशोधकांनी काढला. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांच्या आठवणींतील पुष्कळ भाग त्याने उचलून धरला.

१६/ आपल्याकडेही हा पुरावा आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, त्याच्या.३०३च्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे आढळतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्याची खूण ‘ओएफव्ही’. संग्रहालयात पुंगळी दिसली, तर तिचे बूड पाहावे. कारखाना, बहुधा साल, टोपीभोवतीचे क्रिंपचे कडे आणि मधोमध पिनेचा खळगा. ती कुणी घडवली आणि ती झाडली गेली की नाही, हे तिथेच कळते.