संत बर्णबा : धीर देणारा प्रेषित

ख्रिस्ती जीवनात एकमेकांना उत्तेजन देणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. ते श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती समूहाला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:११) संत पौल परस्परांना धीर देण्यास व परस्परांची उन्नती करण्यास सांगतात. हे कर्तव्य प्रत्यक्षात कसे पार पाडावे, याचा धडा संत बर्णबा ह्यांच्या जीवनात मिळतो. ख्रिस्तसभा त्यांचा सण ११ जून रोजी साजरा करते.

नावाचा अर्थ

त्यांचे मूळ नाव योसेफ. ते लेवी वंशातील असून सायप्रस बेटाचे रहिवासी होते. स्वतःचे शेत विकून आलेली रक्कम त्यांनी प्रेषितांच्या चरणी ठेवली (प्रेषितांची कृत्ये ४:३६-३७). प्रेषितांनी त्यांना ‘बर्णबा’ म्हणजे ‘धीर देणारा पुत्र’ हे नाव दिले. मूळ ग्रीक ग्रंथात येथे ‘पाराक्लेसिस’ हा शब्द आहे. योहानकृत शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी योजलेला ‘पाराक्लीत’ हा शब्दही त्याच धातूपासून आलेला आहे. खचलेल्याला उभे करणे हे मुळात पवित्र आत्म्याचे कार्य असून आपण त्यात सहभागी होतो, हे यावरून ध्यानात यावे.

शौलासाठी टाकलेला शब्द

दमास्कसच्या वाटेवर हृदयपरिवर्तन झाल्यानंतर शौल जेरुसलेमला आले, तेव्हा शिष्य त्यांना भीत होते. काल आपला छळ करणारा माणूस आज शिष्य झाला आहे, यावर कोण विश्वास ठेवणार? बर्णबांनी त्यांना हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्यांच्या वतीने साक्ष दिली (९:२६-२७). त्यांनी शौलाची स्तुती केली नाही. स्वतःची पत त्यांच्या पाठीशी उभी केली. पुढे अंत्युखियात अन्य राष्ट्रीयांमध्ये श्रद्धा वाढू लागली, तेव्हा तेथील देवाची कृपा पाहून बर्णबांना आनंद झाला. त्या कार्यासाठी त्यांनी तार्ससला जाऊन शौलांना शोधून आणले. दोघांनी तेथे वर्षभर शिकवण दिली. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम तेथेच मिळाले (११:२२-२६). पुढील प्रवासात पौलांचे नाव आधी येऊ लागले. बर्णबांनी त्याबद्दल खंत केल्याचा उल्लेख कोठेही नाही.

मार्कला दुसरी संधी

पहिल्या धर्मप्रचार प्रवासात योहान मार्क अर्ध्यावरून परतले. म्हणून दुसऱ्या प्रवासात त्यांना सोबत घेण्यास पौलांनी नकार दिला. मतभेद तीव्र झाला. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेले (१५:३६-३९). मार्क त्यांचे नातलग होते हे खरे, परंतु पुढील घटनांनी त्यांचा विश्वास सार्थ ठरवला. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:११) मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याचे म्हटले आहे. परंपरेनुसार दुसरे शुभवर्तमान त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी ३१ जानेवारी २००७ रोजी बर्णबांविषयी शिकवण देताना, संतांमध्येही मतभेद होतात, ही गोष्ट दिलासा देणारी असल्याचे सांगितले होते.

आपल्या धर्मग्रामात

एक व्यक्ती पुढे आली नसती, तर ख्रिस्तसभेने पौल आणि मार्क या दोघांनाही कदाचित गमावले असते. आपल्या धर्मग्रामातही असे शौल आणि मार्क असतात. कित्येक वर्षांनी मिस्साला आलेला आणि शेवटच्या बाकावर बसलेला माणूस, दारू सोडण्यासाठी धडपडणारा शेजारी, पहिल्याच वाचनात अडखळल्यामुळे पुन्हा वेदीजवळ न फिरकलेली मुलगी. त्यांच्याविषयी आपण आपापसात खूप बोलतो. त्यांच्याशी मात्र क्वचितच बोलतो. चूक झाकणे म्हणजे उत्तेजन नव्हे. अंत्युखियात अन्य राष्ट्रीयांबरोबर जेवण्याच्या प्रश्नावर खुद्द बर्णबांचेही पाऊल घसरले, आणि पौलांनी ते स्पष्टपणे नमूद केले (गलतीकरांस पत्र २:१३). धीर देणाऱ्यालाही सावरणारा कोणी लागतो.

या रविवारी मिस्सा संपल्यावर घरी परतण्यापूर्वी शेवटच्या बाकाकडे एकदा वळून पाहावे. तेथे बसलेल्या व्यक्तीला नावाने हाक मारावी, आणि जमल्यास चार पावले तिच्यासोबत चालावे. बर्णबांनी शौलासाठी जे केले, त्याचा आरंभही याहून वेगळा नव्हता.