एस्टोनियाचे १९१९ साल : रणांगण आणि विद्यापीठ

युरोपच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्याची लोकसंख्या जेमतेम अकरा लाख होती. अठराव्या शतकापासून राज्य रशियाच्या झारचे आणि जमीनजुमला जर्मन सरदारांचा. भूमिपुत्रांच्या वाट्याला राबणे तेवढे आले. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर केले, पण ते टिकवायला युद्ध करावे लागले.

१९१९ साल उजाडले तेव्हा शत्रूची लाल सेना राजधानी टॅलिनच्या जवळ येऊन ठेपली होती. शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षकही बंदुका घेऊन आघाडीवर गेले. १४ जानेवारीस टार्टू शहर परत मिळाले. लढाई चालू असतानाच एप्रिलमध्ये घटनासमितीची निवडणूक झाली. स्त्रियांनीही मतदान केले. १२० सभासदांत ७ स्त्रिया होत्या. ऑक्टोबरात कायदा करून सरदारांच्या जमिनी सरकारने घेतल्या व त्या सैनिकांना आणि भूमिहीनांना वाटल्या जाऊ लागल्या.

आणि १ डिसेंबरला टार्टू विद्यापीठ एस्टोनियन विद्यापीठ म्हणून उघडले! १६३२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात आधी लॅटिन, मग जर्मन, मग रशियन भाषेतून शिकवीत. आता मायबोलीची पाळी आली. प्राध्यापक अपुरे, त्यामुळे सुरुवातीला बरीच व्याख्याने परक्या भाषांतच द्यावी लागली. तहावर सह्या व्हायला अजून दोन महिने होते. तरीही ‘आधी शांतता, मग शाळा’ असे कोणी म्हटले नाही.

हे धैर्य आले कोठून? १८९७ च्या खानेसुमारीत तेथील दहांपैकी नऊ जणांना वाचता येत होते. गरीब शेतकऱ्यांच्या घरी आयाच मुलांना अक्षरे शिकवीत. पुढचे काम गावशाळा करीत. राज्य मिळण्यापूर्वीच समाज साक्षर झाला होता. पुढे १९२५ साली याच देशाने कायदा करून अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपण चालविण्याचा अधिकार दिला. जर्मन व ज्यू समाजांनी त्याचा लाभ घेतला.

पालकबंधुभगिनींनो, इल्म हासिल करणे हे आपल्याकडे फर्ज मानले आहे. हंगाम बरा आला की, कर्ज फिटले की, मग मुलीला पुढे शिकवू, असे आपण म्हणतो. एस्टोनियाच्या शेतकऱ्यांनी बऱ्या दिवसांची वाट पाहिली नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही पाहू नका.