झाकलेल्या थरांचे मोजमाप

सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणजे एखादे काम आत कसे होते ते झाकून, ते करून कसे घ्यायचे एवढेच बाहेर दाखवणे. टेलिमेट्री म्हणजे चालू प्रोग्रामने आपल्या कामाच्या नोंदी बाहेर पाठवणे. कोणता भाग किती वेळा चालला, किती वेळ लागला, कुठे अडला, हे त्या नोंदींवरून कळते. एक झाकते आणि दुसरी उघडते, म्हणून दोहोंचा इतिहास सहसा वेगवेगळा सांगितला जातो. प्रत्यक्षात तो एकमेकांत गुंतलेला आहे. झाकणारा नवा थर आला की त्याच्या आत पाहण्याचे नवे साधन घडवावे लागले, आणि पुढेपुढे ते साधन त्या थरातच बसवले जाऊ लागले.

केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. तो घडवणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या गटात डेव्हिड व्हीलर यांनी सबरूटीनची पद्धत घडवली. एकदा लिहून तपासलेला प्रोग्रामचा तुकडा छिद्रांच्या कागदी फितीवर जपून ठेवायचा आणि लागेल त्या प्रोग्रामला जोडायचा. वर्गमूळ काढणारी फीत वापरणाऱ्याला तिच्या आतले गणित माहीत असण्याचे कारण नव्हते. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे १९५१ चे पुस्तक अशा सबरूटीनांच्या संग्रहाभोवतीच उभे आहे. मात्र याच काळात, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रामांतल्या चुका शोधण्यात जाणार आहे, याची जाणीव एकदा जिन्यात असताना झाल्याचे विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्या चुका शोधायला यंत्र एकेक आज्ञा करत थांबवायचे, तर मोलाचा यंत्रवेळ वाया जाई. गिल यांनी १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केलेल्या लेखात वेगळा मार्ग मांडला. तपासणी करणारा प्रोग्राम मूळ प्रोग्रामच्या आज्ञा एकामागून एक स्वतः चालवतो आणि चाललेल्या आज्ञांचा माग छापत जातो. प्रोग्राम बंद पडल्यावर मेमरीतला मजकूर छापून घेणाऱ्या सबरूटीनही होत्या आणि त्यांना ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणत. प्रोग्रामच्या वागण्याची नोंद प्रोग्रामकडूनच घेण्याची ही सुरुवात. तिची किंमतही लगेच दिसली: माग छापत चाललेला प्रोग्राम फारच हळू चाले. मोजण्यामुळे मोजली जाणारी गोष्टच बदलते, ही अडचण तेव्हापासून या विषयाला चिकटून आहे.

आयबीएम ७०४ साठी जॉन बॅकस यांच्या गटाने केलेला फोरट्रान १९५७ मध्ये वापरात आला. आता यंत्राच्या आज्ञाच दृष्टीआड गेल्या. लिहिणाऱ्याला फक्त सूत्रे दिसत. बॅकस यांना धास्ती होती ती वेगाची. सूत्रांचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरचा प्रोग्राम हाताने लिहिलेल्या प्रोग्रामच्या निम्म्याच वेगाने चालला, तर लोक ही भाषा स्वीकारणार नाहीत, असे त्यांचे मत होते. म्हणून पहिल्या फोरट्रानमध्ये ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचे एक विधान ठेवले होते. एखादी वाट किती वेळा घेतली जाईल याचा अंदाज प्रोग्रामरने त्यात द्यायचा, आणि कंपायलर प्रोग्रामचा प्रवाह यादृच्छिक आकड्यांनी अजमावून कोणता भाग जास्त चालेल हे ठरवणार. हे विधान पुढच्या प्रमाणित फोरट्रानमध्ये राहिले नाही.

प्रोग्रामरचा अंदाज किती चुकतो हे १९७१ मध्ये डोनाल्ड नुथ यांनी दाखवले. स्टॅनफर्ड आणि लॉकहीड येथे लोकांनी खरोखर वापरासाठी लिहिलेले फोरट्रान प्रोग्राम गोळा करून त्यांनी तपासले. साधारणपणे प्रोग्रामच्या ४ टक्क्यांहून कमी भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो, असे त्यांना आढळले. तो भाग कोणता, हे लिहिणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. प्रत्येक विधान किती वेळा चालले याचा तक्ता सर्व प्रोग्रामरांना सहज मिळायला हवा, अशी त्यांची शिफारस होती. भाषांच्या इतिहासात या निबंधाला जेवढे स्थान मिळते त्याहून मोठे मिळायला हवे. अंदाजाऐवजी मोजमापावर विसंबण्याची शिस्त येथून या व्यवसायात रुजली.

त्याच सुमारास अ‍ॅबस्ट्रॅक्शनला सिद्धान्ताची बैठक मिळत होती. डेव्हिड पार्नास यांनी डिसेंबर १९७२ च्या लेखात एकच काम करणारा प्रोग्राम दोन रीतींनी विभागून दाखवला. एक विभागणी कामाच्या क्रमाने, तर दुसरीत प्रत्येक भाग एकेक निर्णय स्वतःपुरता झाकून ठेवतो. दुसऱ्या रीतीत बदल करणे कितीतरी सोपे. बार्बरा लिस्कोव्ह आणि स्टीफन झिलीस यांनी १९७४ मध्ये हीच दृष्टी डेटाच्या प्रकारांना लावली. पार्नास यांनी एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली होती. प्रत्येक लहान काम वेगळ्या सबरूटीनमध्ये टाकले, तर भागांमध्ये सतत ये-जा होऊन प्रोग्राम मंदावेल. पुढच्या दहा वर्षांत हा इशारा खरा ठरला, पण त्याचा त्रास त्यांनी सांगितल्यापेक्षा वेगळ्या जागी, मोजमापात, झाला.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘प्रॉफ’ हे साधन होते. घड्याळाच्या ठरावीक ठोक्याला प्रोसेसर कोणत्या जागी आहे हे ते टिपून घेई आणि शेवटी प्रत्येक सबरूटीनवर किती वेळ गेला ते छापी. प्रोग्राम मोठमोठ्या तुकड्यांचे होते तोवर हे पुरले. चांगल्या शिस्तीने लिहिलेला प्रोग्राम मात्र शेकडो लहान सबरूटीनांचा असे आणि वेळ त्या सगळ्यांत थोडाथोडा पसरे. तक्त्यात ‘टेबलात शोध’ या सबरूटीनला बराच वेळ लागल्याचे दिसे, पण तो शोध कोणी मागितला हे कळत नसे. घरखर्चाच्या वहीत तेलाचा एकूण खर्च असावा आणि कोणत्या पदार्थाला किती तेल लागले याची नोंदच नसावी, तशी ही गत होती.

बर्कलीतल्या सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्युसिक यांनी १९८२ मध्ये मांडलेले ‘जीप्रॉफ’ नेमके याच कोंडीतून आले. मोठे प्रोग्राम अनेक लहान सबरूटीनांनी बनतात आणि त्या सबरूटीन त्यांना बोलावणाऱ्यांसाठी अ‍ॅबस्ट्रॅक्शन पुरवतात. म्हणून वेळेचा हिशेब प्रोग्रामच्या तार्किक रचनेप्रमाणे लागला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्यासाठी कंपायलर प्रत्येक सबरूटीनच्या तोंडाशी एक छोटी नोंद घालू लागला: मला कोणी बोलावले आणि किती वेळा. घड्याळाच्या ठोक्यांवर टिपलेला वेळ मग या नोंदींच्या प्रमाणात बोलावणाऱ्यांच्या खात्यावर चढवला जाई. एकमेकींना गोल बोलावणाऱ्या सबरूटीनांचा आधी एक गट मानून घेत. पद्धतीत एक गृहीत होते. सबरूटीनच्या प्रत्येक हाकेला सारखाच वेळ लागतो असे ती धरून चाले, आणि ते नेहमी खरे नसते. तरी झाकलेल्या थराचा खर्च तो थर वापरणाऱ्याच्या नावावर लावणारे हे पहिले प्रभावी साधन ठरले. बर्कलीच्या गटाने ते युनिक्सच्या कर्नेलला, म्हणजे तिच्या गाभ्यालाच लावले, तेव्हा फाइलच्या नावावरून फाइल शोधण्याचे काम कर्नेलमध्ये सर्वांत महाग असल्याचे दिसून आले. बर्कलीच्या युनिक्सच्या ४.३ बीएसडी या आवृत्तीत नावांचा कॅश, म्हणजे आधी शोधलेली नावे हाताशी ठेवणारा साठा, आला तो या शोधातून. फाइलचे नाव ही युनिक्सची सर्वांत लाडकी सोय, आणि तिची किंमत मोजल्याशिवाय कोणाला दिसली नव्हती.

पुढचा थर नेटवर्कचा. झेरॉक्स पार्कमधल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ मध्ये रिमोट प्रोसिजर कॉलची पद्धत मांडली. दुसऱ्या यंत्रावरचे काम आपल्याच यंत्रावरच्या सबरूटीनसारखे मागता येऊ लागले. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये यावर नेमका आक्षेप घेतला. विलंब, मेमरीचा वापर, अर्धवट बिघाड आणि एकाच वेळी चालणारी कामे या चार बाबतींत दूरचे काम जवळच्या कामासारखे नसतेच, आणि तसे भासवणारा थर कधीतरी उघडा पडतो. जोएल स्पोल्स्की यांनी २००२ मध्ये हेच सर्वसाधारण नियमाच्या रूपात सांगितले. कोणतेही गुंतागुंतीचे अ‍ॅबस्ट्रॅक्शन थोडेफार गळतेच, हे त्यांचे विधान पुढे प्रोग्रामरांच्या रोजच्या बोलण्यात रुळले.

थर अनेक झाले की दुखणे एका थरात आणि त्याचे मूळ भलत्याच थरात, असे घडू लागते. सनमधल्या ब्रायन कँट्रिल, माइक शपिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी २००४ मध्ये मांडलेले ‘डीट्रेस’ याच अडचणीसाठी होते. चालू प्रणाली न थांबवता तिच्यात तीस हजारांहून अधिक ठिकाणी पाहणी करता येई. न वापरलेल्या ठिकाणांचा प्रणालीवर काहीही भार पडत नसे. पाहणीच्या भाषेत लूप मुद्दामच ठेवले नव्हते, म्हणजे पाहणारा प्रोग्राम कर्नेलला अडकवूच शकणार नाही. त्यांच्या निबंधातले एक उदाहरण बोलके आहे. अनेक जण एकाच वेळी वापरत असलेल्या एका सर्व्हरवर प्रोसेसर एकमेकांना सतत व्यत्यय आणत होते. कर्नेलपासून शोध घेत वरच्या थरांकडे गेल्यावर दोषी निघाला तो शेअरचे भाव दाखवणारा एक छोटासा प्रोग्राम. मधल्या प्रत्येक थराने आपले काम बरोबरच केले होते. लिनक्समध्ये अशी सोय २०१४ पासून ईबीपीएफच्या रूपाने वाढत गेली.

एका यंत्रापुरते हे जमले, पण गूगलसारख्या ठिकाणी एका शोधासाठी हजारो यंत्रे राबत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅपर’च्या निबंधात याची रीत आहे. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यायचा, तो तिच्याबरोबर यंत्रामागून यंत्रात जाऊ द्यायचा आणि प्रत्येक टप्प्याची सुरुवात-शेवट त्या क्रमांकाखाली नोंदवायचा. भार हलका राहावा म्हणून काही ठिकाणी १,०२४ विनंत्यांमागे एकच विनंती टिपत. या पद्धतीचे खरे चातुर्य वेगळ्याच गोष्टीत होते. नोंदी घेणारे कोड प्रत्येक प्रोग्रामरने लिहायचे नव्हतेच; ते सर्वांच्या वापरातल्या रिमोट कॉलच्या आणि थ्रेडच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संग्रहात, बसवले होते. सी++ मध्ये ते १,००० ओळींहूनही कमी भरले. ज्या थराने नेटवर्क झाकले होते, तोच थर आता नेटवर्कवर काय घडते ते सांगू लागला. सर्वांनी एकच अ‍ॅबस्ट्रॅक्शन वापरले म्हणूनच हे शक्य झाले.

बाहेरच्या जगात अशी साधने भराभर निघाली. ट्विटरने २०१२ मध्ये ‘झिपकिन’ खुले केले, त्याच वर्षी साउंडक्लाउडमध्ये ‘प्रोमिथियस’चे काम सुरू झाले, आणि उबरमधून ‘येगर’ आले. प्रत्येकाची नोंदीची पद्धत वेगळी असल्याने लायब्ररी लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र होऊन ‘ओपनटेलिमेट्री’ झाले ते यावर उपाय म्हणून. त्यात नोंद मागण्याचा भाग आणि ती गोळा करून पाठवण्याचा भाग वेगळे आहेत. लायब्ररी फक्त पहिल्यावर अवलंबून राहते, आणि दुसरा भाग जोडलेलाच नसेल तर नोंदीची हाक काहीच न करता परतते. पार्नास यांची रीत आता मोजमापालाच लागू झाली होती.

मोजमापाचा थरही मग इतर थरांसारखाच गळू लागला. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉग४जे’ या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतला दोष जाहीर झाला. नोंदीच्या मजकुरातले काही संकेत ती लायब्ररी स्वतः उलगडून बाहेरच्या सर्व्हरवरून माहिती आणत असे. त्यामुळे बाहेरच्या कोणीही पाठवलेली एक ओळ नुसती नोंदवली गेली तरी परके कोड चालू शके. तीव्रतेच्या मोजपट्टीवर या दोषाला १० पैकी १० गुण मिळाले. नोंद लिहिणे ही निरुपद्रवी गोष्ट आहे हे गृहीत धरून असंख्य प्रोग्रामांत ती लायब्ररी बसवलेली होती.

दुसरा प्रश्न ज्याच्या यंत्रावरून माहिती जाते त्याच्या संमतीचा. गो भाषेच्या साधनांत टेलिमेट्री घालण्याचा प्रस्ताव रस कॉक्स यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये मांडला. कोणती सोय किती जण वापरतात हे कळल्याशिवाय भाषा सांभाळणाऱ्यांना योग्य निर्णय घेता येत नाहीत, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. मूळ आराखड्यात ती आपोआप चालू राहणार होती आणि नको असणाऱ्याने ती बंद करायची होती. यावर तीव्र हरकती आल्या आणि आराखडा बदलला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या गो १.२३ मध्ये मोजदाद वापरणाऱ्याच्याच संगणकावर साठते आणि त्याने स्वतः होकार दिला तरच बाहेर पाठवली जाते.