दे इदोलोलात्रिया

दे इदोलोलात्रिया : मूर्तिपूजा व तिच्याशी जोडलेला ऐहिक मानसन्मान यांपासून ख्रिस्ती माणसाने कसे दूर राहावे, हे सांगणारा टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाचा लॅटिन ग्रंथ. इ. स. २०० च्या आसपास रोमन आफ्रिकेतील कार्थेज (सध्याच्या ट्युनिशियात) येथे तो लिहिला गेला. टर्टुलियन इ. स. २०७ च्या सुमारास कडक शिस्तीच्या माँटॅनिस्ट पंथाकडे वळला. ग्रंथ त्यापूर्वीचा की नंतरचा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याची प्रकरणे चोवीस असून बहुतेक अगदी लहान आहेत.

कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीला छळाची ओळख होती. इ. स. १८० मध्ये स्किली गावच्या बारा विश्वासी जनांना तेथे देहदंड झाला. २०३ मध्ये पर्पेतुआ व फेलिसितास या दोघी आखाड्यात मारल्या गेल्या. या ग्रंथाला काळजी आहे ती मात्र छळ नसतानाच्या दिवसांची. शाळा, बाजार, लग्नकार्य, न्यायासन, सैन्य, कर्जाचा करार या साऱ्यांत रोमन देवतांचे नाव गुंफलेले होते. देवळाची पायरी न चढणारा ख्रिस्ती माणूसही रोजच्या व्यवहारातून पूजेला हातभार लावत होता. तो कुठे व कसा, हे टर्टुलियन एकेक धंदा घेऊन तपासतो.

सुरुवात मूर्तिकारांपासून होते. देवतांच्या मूर्ती घडवून पोट भरणारे काही कारागीर मंडळीत होते. त्यांतले काही सेवकपदांपर्यंतही पोचले होते आणि त्याचा टर्टुलियनला मनस्वी संताप आहे. ‘मग आम्ही जगायचे कसे?’ हा त्यांचा प्रश्न. ख्रिस्तामागे जाताना मासे धरण्याची जाळी आणि जकातीची चौकी सोडणाऱ्या शिष्यांनी असा हिशेब केला नव्हता, हे त्याचे उत्तर कठोर आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. गिलावा करणाऱ्याने छपरे दुरुस्त करावीत, लाकडातून युद्धदेव कोरणाऱ्याने कपाट करावे, सोन्याचा मुलामा देणाऱ्याने चपला मढवाव्यात. घरोघरच्या वस्तूंना मूर्तींपेक्षा गिऱ्हाईक जास्तच मिळते, असे तो सुचवतो. कारागिराचे कसब आणि त्याचा उपयोग यांतला भेद ओळखणारा हा भाग ग्रंथातील सर्वांत माणुसकीचा म्हणावा लागेल.

ज्योतिष्यांना तो थारा देत नाही. शिक्षकांना देवतांच्या वंशावळ्या शिकवाव्या लागत आणि नव्या विद्यार्थ्याची पहिली दक्षिणा मिनर्व्हा देवीला वाहावी लागे. म्हणून ख्रिस्ती माणसाने शाळेत शिकवू नये, मात्र मुलांनी शिकायला हरकत नाही, कारण अक्षरओळखीवाचून धर्मशास्त्रही वाचता येणार नाही. व्यापाराविषयी लिहिताना तो लोभाच्या मुळाशी जातो. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, हा कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातील विचार त्याच्या युक्तिवादामागे आहे. देवळांना धूप पुरवणारा व्यापारी भुते काढायला कोणत्या तोंडाने उभा राहील, असे तो विचारतो. वाङ्‌निश्चय, विवाह, नामकरण यांना जाण्यास मात्र त्याची मुभा आहे. यज्ञात भाग घेऊ नये, इतकेच.

सरकारी पदांवरील विवेचन सतराव्या व अठराव्या प्रकरणांत येते. ख्रिस्ती माणसाने अधिकारपद घ्यावे का? बळी न देता, बळींचा मक्ता न देता, देवळांची व्यवस्था व करवसुली न करता, खेळांचा खर्च न उचलता, कोणाला देहदंड वा यातना न देता ते चालवता येत असेल तर घ्यावे, असे तो म्हणतो, आणि अशी शक्यता कोणाला खरी वाटेल का, हेही विचारतो. योसेफ आणि दानिएल यांनी राजदरबारी जांभळी वस्त्रे वापरली होती, या दाखल्याने त्याचे समाधान होत नाही. लोक राजा करू पाहत असता ख्रिस्त निघून गेला, त्याने शिष्यांचे पाय धुतले. त्याने नाकारलेला थाट त्याच्या सेवकाने मिरवू नये, हा मुद्दा या ग्रंथाचा गाभा आहे. येथे बळी आणि धूप बाजूला पडतात व मोठेपणाची हाव हीच परीक्षेचा विषय होते. सैन्यसेवेला तो ठाम नकार देतो. शेवटी नोहाच्या तारवाचे रूपक येते : त्यात कावळा होता, लांडगा होता, सापही होता, मूर्तिपूजकाचे प्रतीक ठरेल असा प्राणी मात्र नव्हता.

सगळ्या मंडळ्या इतक्या कडक नव्हत्या. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या नियमग्रंथात मूर्तिकाराने धंदा सोडावा असे आहे. पण दुसरा धंदा येत नसलेल्या शिक्षकाला सूट आहे. स्पेनमधील एल्विरा येथील धर्मसभेने (सुमारे ३०५) नगराधिकाऱ्याला पद सोडायला न लावता पदाच्या वर्षभर चर्चपासून दूर राहण्यास सांगितले. चौथ्या शतकाच्या अखेरीस थिओडोसियस बादशहाने बळी देण्यावर बंदी घातल्यावर पदांसंबंधीचे हे नियम निरुपयोगी झाले. लोभ आणि कीर्तीची लालसा यांचे निरीक्षण तोवर ईजिप्तच्या वाळवंटातील साधूंनी हाती घेतले होते. त्यांपैकी एवाग्रिअस (मृत्यू ३९९) याने साधकाला ग्रासणाऱ्या आठ विचारांच्या यादीत या दोन्हींना जागा दिली.